हलकी, स्वस्त आणि भरवशाची: मेंडोलिनच्या केसचा आढावा

मेंडोलिन हे किलोभर वजनाचं वाद्य. ते ज्यात ठेवायचं ती नेहमीची प्लायवुडची केस मात्र तीन ते साडेतीन किलोची. लोकलने क्लासला जाणारी विद्यार्थिनी, गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्राच्या टेम्पोतून गावोगाव फिरणारा वादक, रविवारी चर्चच्या क्वायरला साथ करणारा गोव्यातला हौशी माणूस, या सगळ्यांनाच हा हिशेब जड जातो. हलकं काही मागावं तर दुकानदार पातळ स्पंजची बॅग काढून दाखवतो. ती स्वस्त असते, खांद्याला लागत नाही, पण पहिल्याच जोरदार धक्क्याला तिचा उपयोग संपतो. हलकी, परवडणारी आणि खरोखर वाचवणारी केस मिळते का, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तेवढा किरकोळ नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. अशी केस मिळते, पण अर्धी विकत घ्यावी लागते आणि अर्धी घरी बसून जुळवावी लागते. कारण वाद्य वाचतं ते बाहेरच्या कवचाच्या कडकपणामुळे कमी आणि आतल्या आधारामुळे जास्त. वजन आणि पैसा खातं ते कवच. आधाराला दोन्ही फारसं लागत नाही, लागतं ते लक्ष.

बाजार तोकडा का

मेंडोलिन आपल्याकडे परकं राहिलेलं नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार म्हणून नावारूपाला येण्याआधी मेंडोलिनवादक होते. संगीतकार सज्जाद हुसेन यांचा मेंडोलिनवरचा हात तर दंतकथेसारखा सांगितला जातो. यू. श्रीनिवास यांनी या वाद्याला कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. 1995च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये शाहरुख खानच्या हातात ते दिसलं आणि ज्यांना नाव माहीत नव्हतं त्यांनाही त्याचा आकार ओळखीचा झाला.

पण ओळख वेगळी आणि बाजार वेगळा. वाद्यांच्या दुकानात भिंतभर गिटारच्या बॅगा टांगलेल्या असतात, गेल्या काही वर्षांत शेजारी युकुलेलेच्या बॅगाही आल्या आहेत. मेंडोलिनसाठी असते ती बहुधा एकाच मापाची, एकाच जाडीची बॅग. शिवाय ‘मेंडोलिन’ हे एकच माप नव्हे, हे ती शिवणाऱ्याच्या गावी नसतं.

आधी आकार ओळखा

मेंडोलिनचे ढोबळ चार प्रकार धरता येतात, आणि केसच्या दृष्टीने चारही वेगळे. पहिलं नेपल्सच्या परंपरेतलं, भोपळ्यासारख्या गोल पाठीचं. अठराव्या शतकात नेपल्सच्या विनाच्चिया घराण्याने त्याला आजच्या ओळखीचं रूप दिलं. त्याची पाठ इतकी खोल असते की सपाट तळाच्या केसमध्ये ते नीट बसतच नाही, डुगडुगतं. दुसरं थेंबाच्या आकाराचं ए-मॉडेल, तिसरं खांद्याशी लाकडी वळं आणि कडेला टोकं असलेलं एफ-मॉडेल. ही दोन्ही अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सनच्या कल्पनांतून आली. वरचा आणि खालचा तक्ता व्हायोलिनसारखा कोरून फुगीर करायच्या पद्धतीचं पेटंट त्याने 1898 साली मिळवलं. 1922 साली आलेलं गिब्सनचं एफ-5 मॉडेल आजही नमुना मानलं जातं. चौथं भरीव लाकडाचं इलेक्ट्रिक मेंडोलिन. श्रीनिवास वाजवत ते याच जातीचं.

भरीव इलेक्ट्रिक मेंडोलिनला पोकळ पोट नसल्याने चेपण्याची भीती जवळजवळ नाही, त्याला चांगली पॅडेड बॅग पुरते. ए-मॉडेल सर्वांत सोयीचं, कारण त्याला बाहेर आलेली टोकं नाहीत. एफ-मॉडेलचं वळं आणि टोकं केसच्या भिंतीला घासतात. बाजूने आपटलं की टोक आधी तुटतं, म्हणून ए-मॉडेलच्या मापाच्या केसमध्ये एफ-मॉडेल कोंबू नये. गोल पाठीच्या मेंडोलिनला तर त्याच आकाराची खोलगट केस हवी. नाहीतर तळाशी फोमची वाटी कोरून घ्यावी लागते.

खरेदीला जाताना वाद्य सोबत न्यावं. ते शक्य नसेल तर चार मापं लिहून न्यावीत: एकूण लांबी (बहुतेक ए आणि एफ मॉडेल 68 ते 71 सेंटिमीटरच्या दरम्यान भरतात), पोटाची सर्वांत जास्त रुंदी (ए आणि एफ मॉडेलची साधारण 25 सेंटिमीटर), पाठीपासून घोडीच्या वरच्या टोकापर्यंतची उंची, आणि हेडस्टॉकची खुंट्यांसकट रुंदी. तिसरं माप लोक विसरतात. कोरीव तक्त्याच्या मेंडोलिनवर घोडी चांगलीच उंच असते. केसचं झाकण त्या घोडीवर टेकलं, तर बाहेरचा प्रत्येक दाब थेट तक्त्यावर जातो.

मोडतं काय आणि कसं

केस कशापासून वाचवणार हे ठरल्याशिवाय केस निवडण्यात अर्थ नाही. मेंडोलिनवर आठ तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या घरातला ताण सतत असतो. एवढ्या छोट्या सांगाड्याला हे ओझं मोठं आहे. वाद्य शांत पडलेलं असतं तेव्हाही ते आतून ताणलेलंच असतं, आणि बाहेरचा धक्का त्या ताणात भर घालतो.

सर्वांत जास्त मोडते ती मान, म्हणजे दांडी आणि हेडस्टॉक यांचा सांधा. हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, त्यामुळे तिथे लाकडाचे रेषे तिरपे तुटलेले येतात. आत पोलादी सळई असेल तर तिच्या खाचेमुळे लाकूड आणखी पातळ होतं. केस पाठीवर पडली तर वाद्याचं पोट तळाच्या गादीत थांबतं, पण खुंट्यांच्या लोखंडाने जड झालेला हेडस्टॉक पुढे जातच राहतो. तो मागे केसच्या तळाला टेकलेला असेल तर धक्का थेट त्याच्यावरच बसतो आणि मान तिथेच तडकते. केसला बाहेरून ओरखडाही नसतो. चांगल्या कडक केसमध्येही मान मोडते ती अशी.

दुसरं नुकसान दाबाचं. गर्दीत कुणी टेकलं, टेम्पोत वर अॅम्प्लिफायर ठेवला, तर पातळ बॅगेतला दाब तक्त्यावर किंवा घोडीवर जातो. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. कडेने ढकलली की ती सरकते आणि सूर बिघडतात. जोराने दाबली गेली तर तिच्या पायाखालचा तक्ता बसतो. तिसरं नुकसान उष्णतेचं आणि दमटपणाचं. त्याकडे पुढे वळू.

धक्क्याचं गणित साधं आहे. केस एक मीटरवरून पडली आणि आतलं वाद्य एक सेंटिमीटर गादी दाबून थांबलं, तर वाद्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या सुमारे शंभर पट जोर येतो. तीच गादी अडीच सेंटिमीटर दबू शकली तर हा जोर चाळीस पटीवर उतरतो. कवच कितीही कडक असलं तरी हा आकडा बदलत नाही, कारण तो ठरतो वाद्याला थांबायला मिळालेल्या अंतरावर. कवचाचं काम टोकदार वस्तू आणि दाब अडवण्याचं, पडण्यापासून वाचवण्याचं काम गादीचं. हापूसच्या पेटीत आंबा वाचतो तो फळ्यांमुळे कमी आणि गवतामुळे जास्त, तसंच हे.

बाजारात काय काय आहे

सर्वांत खालच्या पायरीवर पाच ते दहा मिलिमीटर स्पंजची बॅग. वजन अर्धा किलो, किंमत पाचशे ते हजार-बाराशे रुपये. धूळ, ओरखडे आणि हलका पाऊस एवढ्यापुरती ती ठीक. घरातून गाडीत, गाडीतून क्लासमध्ये, आणि वाद्य कायम स्वतःच्या हातात असेल तर ती चालते. तंबोऱ्याला गवसणी चढवायची तसाच तिचा उपयोग, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. घेताना पट्ट्यांची शिवण बघावी. पाठीवरच्या पट्ट्यांचा वरचा टाका निसटून बॅग खाली येणं हा या बॅगांचा नेहमीचा अपघात आहे. चेनच्या आतून कापडी पट्टी आहे का, हेही बघावं. ती नसेल तर चेनचे दात पॉलिशवर रेघा ओढतात.

दुसऱ्या पायरीवर वीस ते तीस मिलिमीटर दाट फोमची बॅग. हिच्यात मानेखाली वेगळी उशी असते, घोडीच्या जागी जाड तुकडा असतो, तळाला रबराचा ठोकळा असतो. वजन एक ते दीड किलो. परदेशी कंपन्यांच्या अशा बॅगांची किंमत आपल्याकडच्या नवशिक्याच्या मेंडोलिनइतकी किंवा त्याहून जास्त जाते. वाद्य पाठीवर घेऊन चालणाऱ्यासाठी ही सोयीची, फक्त वर वजन ठेवू द्यायचं नाही.

तिसरी पायरी या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: फोमची अर्धकडक केस. दाबून घट्ट केलेल्या थर्माकोलसारख्या फोमचं जाड कवच, वर नायलॉनचं कापड, आत मखमल, कडेने चेन. वजन सव्वा ते दोन किलोच्या आसपास. गेटर कंपनीची हलक्या फोमची मेंडोलिन केस याच जातीची, आणि बिनशिक्क्याच्या चिनी केसही याच पद्धतीने बनतात. आपल्याकडे ऑनलाइन किंवा मोठ्या शहरांतल्या दुकानांत अशी केस साधारण तीन ते सहा हजारांत मिळते. माप अचूक जुळलं नाही तरी आतून फोम भरून जुळवता येतं. दोन दोष आहेत. एक म्हणजे या जातीचा फोम जोरदार धक्क्यात एकदा चेपला की पूर्वीसारखा उभा राहत नाही, म्हणून केस आपटल्यावर ती जागा आतून हाताने चाचपून बघावी. दुसरं म्हणजे टोकदार वस्तूपुढे ती टिकत नाही. तरीही वजन, किंमत आणि संरक्षण यांचा मेळ या पायरीवर सर्वांत चांगला बसतो.

चौथी पायरी प्लायवुडची जुनी हार्डकेस. पाच-सात थरांचं प्लाय, वर काळं रेक्झिन, पितळी रंगाच्या कड्या, आत जांभळी किंवा हिरवी मखमल. दिसायला रुबाबदार, दाबाला खंबीर. वजन तीन-साडेतीन किलो, आणि तेही एका हातात. खांद्याचा पट्टा बहुधा नसतोच. स्वस्त प्लाय केसमध्ये गादी पातळ असते, बिजागऱ्यांचे रिवेट निघतात आणि मूठ हातात येते. घरात कायमची जागा म्हणून किंवा टेम्पोत इतर सामानाबरोबर पाठवायला ती चांगली, रोज वाहून न्यायला नाही. साच्यातून काढलेल्या एबीएस प्लास्टिकच्या केस याच पायरीवर बसतात. त्या थोड्या हलक्या आणि पाण्याला पक्क्या असतात.

इंग्लंडच्या हिस्कॉक्स कंपनीने मधला मार्ग काढला. बाहेर पातळ एबीएसचं कवच, आत त्यालाच चिकटून फुगवलेला कडक फोम. दोन्ही मिळून एकच भिंत तयार होते आणि प्लायपेक्षा कमी वजनात चांगली ताकद मिळते. तंत्र उत्तम, पण परदेशातून एकच केस मागवायची तर ती आकाराने मोठी, म्हणून पाठवणावळ जास्त, वर सीमाशुल्क. केस स्वस्त राहत नाही.

सर्वांत वरची पायरी फायबरग्लास आणि कार्बन फायबरची. इंग्लंडमध्ये सुरू होऊन पुढे अमेरिकेत गेलेल्या कॅल्टनच्या फायबरग्लास केस किंवा अमेरिकेतल्या हॉफीच्या कार्बन केस व्यावसायिक वादकांच्या हातात दिसतात. किंमत हजार डॉलरच्या वर. लाखोंच्या जुन्या गिब्सनसाठी ती रास्त आहे, पण हलकेपणाच्या शोधात इथे येऊ नये. फायबरग्लासची भक्कम केस प्लायइतकीच जड भरते.

आपल्याकडे सतार-सरोदसाठी फायबरच्या केस बनवणारे कारागीर आहेत, आणि मेंडोलिनसाठीही ते ऑर्डर घेऊ शकतात. पैसे परदेशी केसपेक्षा कितीतरी कमी लागतात. पण हाताने काचतंतूची चटई अंथरून त्यावर रेझिन चोपडायच्या पद्धतीत रेझिन जास्त लागतं, आणि ताकदीपेक्षा वजनच वाढतं. ऑर्डर द्यायचीच असेल तर पैसे ठरवण्याआधी वजन ठरवावं, आणि आतल्या आधाराचा नमुना स्वतः कापून द्यावा.

शेजारच्या वाद्यांच्या केस

मेंडोलिनची केस मिळत नसेल तर काय? व्हायोलिनच्या केस सगळीकडे मिळतात आणि हलक्याही असतात, पण पूर्ण मापाचं व्हायोलिन साठ सेंटिमीटरच्या आतबाहेर असतं, मेंडोलिन त्यात मावत नाही. मोठ्या मापाच्या व्हायोलाची आयताकृती केस लांबीला पुरू शकते. आतले व्हायोलाचे आधार काढून नवे घालावे लागतात आणि रुंदी मोजूनच घ्यावी लागते.

सोपा पर्याय युकुलेलेचा. टेनर युकुलेले 66 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून त्याची बॅग आखूड पडते. बॅरिटोन युकुलेले 76 सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि त्याच्या पोटाची रुंदी ए-मॉडेल मेंडोलिनच्या जवळ जाते. त्याच्या जाड बॅगेत किंवा फोम केसमध्ये ए-मॉडेल सहसा बसतं, आणि चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी उरते. ती मोकळी जागा मोलाची आहे, कारण गादी घालायला तीच लागते. युकुलेलेची घोडी बुटकी असल्याने उंची मात्र आधी मोजावी. एफ-मॉडेल आणि गोल पाठीसाठी हा उपाय नाही.

दुकानात उघडून बघताना

केस टेबलावर सपाट ठेवा आणि मेंडोलिन आत निजवा. डोळे केसच्या पातळीला आणून बाजूने बघा. पोट गादीवर पूर्ण टेकलेलं हवं, दांडी मानेखालच्या उशीवर हवी, आणि हेडस्टॉक अधांतरी हवा. हेडस्टॉकखाली एक बोट सरकवून बघा. बोट जात नसेल तर ती केस तशीच्या तशी घेऊ नये. मग दांडीवर वरून बोटाने हलकेच दाबा. पोटाची शेपटीकडची बाजू उचलली जात असेल तर उशी जास्त उंच आहे, म्हणजे पडताना सगळा भार मानेवर येणार.

आता झाकण. घोडीवर दोन-तीन घड्यांचा मऊ कापडाचा तुकडा ठेवा आणि झाकण बंद करून उघडा. कापडावर घोडीचा ठसा उमटला असेल तर झाकण फार जवळ येतंय. शेवटी केस बंद करून उभी-आडवी हलवा. आत खडखड किंवा ठप्प असा आवाज आला तर वाद्य सरकतंय. या तपासणीला पाच मिनिटं लागतात, आणि ती केली की महाग केसमधल्या उणिवाही उघड्या पडतात.

अर्धी केस घरी

उणिवा सापडल्या तर त्या भरून काढणं अवघड नाही. हवा तो बंद छिद्रांचा दाट फोम, म्हणजे योगा मॅट किंवा पॅकिंगच्या ईव्हीए शीटच्या जातीचा. सोफ्यातला मऊ स्पंज घेऊ नये. तो एका दाबात तळाला टेकतो, पाणी धरून ठेवतो आणि आपल्या हवेत काही वर्षांत त्याचा भुगा होतो. मानेखालची उशी दांडीच्या मधल्या भागात यावी, हेडस्टॉकपासून दूर. तिला दांडीच्या गोलाईची खाच द्यावी. शेपटीच्या टोकाशी आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना दोन ते अडीच सेंटिमीटरचे तुकडे बसवावेत. हेडस्टॉकच्या टोकापुढे मात्र मोकळी जागा ठेवावी. केस उभी पडली तर भार शेपटीकडच्या भक्कम ठोकळ्यावर यावा, माथ्यावर नाही.

चिकटवताना एक काळजी. थर्माकोलच्या जातीच्या कवचाला रबरी सोल्युशन लावलं तर त्यातलं द्रावक फोम वितळवतं आणि भिंतीला खड्डा पडतो. तिथे पांढरा फेव्हिकॉल वापरावा, किंवा मखमलीवरच वेल्क्रो शिवून तुकडे बसवावेत. म्हणजे पुढे जागा बदलता येते. फोम उघडा ठेवू नये, वर जुन्या सुती किंवा फ्लॅनेलच्या कापडाची खोळ घालावी. रबर आणि रेक्झिन वाद्याच्या पॉलिशला थेट लागू देऊ नये. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर त्यांच्यातली रसायनं उतरतात आणि पॉलिश चिकट होतं. काम झाल्यावर केस दोन-चार दिवस उघडी ठेवून वास जाऊ द्यावा, मग वाद्य ठेवावं.

या सगळ्याला दोन-चारशे रुपये आणि एक दुपार पुरते. वजन शे-दोनशे ग्रॅमने वाढतं. दोन हजार जास्त मोजून घेतलेल्या कडक कवचाने जे साधत नाही ते इथे साधतं.

हवा: कोकण वेगळं, विदर्भ वेगळा

लाकडी वाद्याला साधारण 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात ती ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, तर नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मेच्या दुपारी वीसच्याही खाली उतरते. किनाऱ्यावर तक्ता फुगतो, घोडी वर उचलली जाते, तारा उंच वाटू लागतात आणि मखमलीला बुरशी धरते. विदर्भात लाकूड आक्रसतं, पडद्यांची टोकं दांडीच्या कडेला बोचू लागतात आणि तक्त्याला चीर जाऊ शकते.

जाड फोमची केस इथे प्लायपेक्षा सरस ठरते, कारण फोम उष्णता हळू आत जाऊ देतो. पण बंद गाडीत उन्हात ठेवलेली केस कोणत्याही जातीची असो, तासाभरात आतून तापतेच. काळ्या कापडाची तर जास्तच. सांध्यांत जनावरी सरस वापरलेला असेल तर तो त्या उष्णतेला सैल होतो. गाडीत वाद्य ठेवून जेवायला जाऊ नये, एवढाच त्यावर उपाय. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या महिन्या-दीड महिन्याने तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. ओली झालेली केस उघडी ठेवून वाळवावी आणि तोवर वाद्य बाहेर ठेवावं. विदर्भात उलट ओलावा देणारी पुडी लागते. साध्या बॅगेला हवा आत-बाहेर खेळती असते, त्यामुळे हे उपाय तिच्यात फारसे चालत नाहीत.

प्रवास

लोकलमध्ये पाठीवरची बॅग पुढे छातीशी घ्यायची सवय मुंबईकराला आहेच. मेंडोलिनलाही तोच नियम. वरच्या रॅकवर ठेवायची वेळ आलीच तर केस आडवी, तळ खाली आणि मान खिडकीकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची सॅक मानेवर आपटत नाही. एसटीच्या आणि खासगी बसच्या डिकीत फोमची केस देऊ नये, तिथे प्लायच हवी. ती नसेल तर तिकिटाची जागा वाद्यासाठी धरून स्वतः अवघडून बसलेलं बरं.

विमानाचा प्रश्न मापाचा आहे. देशांतर्गत इकॉनॉमीत केबिनमध्ये 7 किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण 115 सेंटिमीटर अशी मर्यादा असते. फोमच्या केससकट मेंडोलिन तीन किलोच्या आसपास भरतं, म्हणजे वजनाची अडचण नाही. मापात 73 सेंटिमीटर लांब, 29 रुंद आणि 12 जाड अशी आटोपशीर बॅग 114 ला येते आणि जेमतेम बसते. जाडजूड हार्डकेस मात्र मर्यादेबाहेर जाते. प्रत्यक्षात मोठ्या विमानाच्या वरच्या कप्प्यात दोन्ही मावतात, पण निर्णय काउंटरवरच्या माणसाचा. म्हणून तिकीट काढतानाच कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं आणि ते फोनमध्ये ठेवावं. अमेरिकेला जाणाऱ्यांना थोडा आधार आहे. तिथे 2012च्या कायद्यानुसार 2015 पासून लागू झालेला नियम असा की, छोटं वाद्य वरच्या कप्प्यात मावत असेल आणि विमानात चढताना तिथे जागा असेल, तर अमेरिकी कंपनीने ते केबिनमध्ये नेऊ द्यायलाच हवं. उड्डाणाआधी तारा अर्धा-एक स्वर उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत. तसं केलं तर न चिकटवलेली घोडी आडवी होते आणि आतल्या आत तक्ता ओरबाडते.

किती खर्च करावा

शिकाऊ मेंडोलिन आपल्याकडे चार-आठ हजारांत येतं. त्याच्यासाठी सहा हजारांची केस हे गणित अनेकांना पटत नाही, आणि त्यात चूक नाही. केसची किंमत वाद्याच्या किमतीशी न ताडता मोडल्यावर येणाऱ्या खर्चाशी आणि खोळंब्याशी ताडावी. मान तुटली तर चांगला कारागीर ती सरसाने जोडतो, बऱ्याचदा सांधा पूर्वीपेक्षा पक्का होतो. पण मेंडोलिन हाताळणारे कारागीर मोजक्याच शहरांत आहेत, आणि तोवर रियाझ बंद.

त्या हिशेबाने, घरी शिकणाऱ्याला दोन-अडीचशे रुपयांचा फोम घालून सुधारलेली हजाराची बॅग पुरेल. रोज लोकल-बसने फिरणाऱ्या ए-मॉडेलवाल्याने फोमची अर्धकडक केस घ्यावी, किंवा बॅरिटोन युकुलेलेची फोम केस मापून घेऊन आतून जुळवावी. एफ-मॉडेल असेल तर त्याच आकाराची अर्धकडक केस शोधावी, तिथे युकुलेलेची काटकसर नको. गोल पाठीच्या वाद्याला ऑर्डर देऊन बनवलेली केस किंवा आतून कोरलेला आयताकृती खोका, दुसरं फारसं काही जमत नाही. इलेक्ट्रिकवाल्याने चांगल्या पट्ट्यांची जाड बॅग घेऊन समाधान मानावं. कार्यक्रमांसाठी वाद्य टेम्पोत टाकणाऱ्या वादकाला मात्र हलकेपणाचा मोह सोडावा लागेल. त्याने प्लाय किंवा एबीएसची केसच घ्यावी, फक्त आतली गादी स्वतः जाड करून.

कोणत्याही पायरीवर राहिलेले पैसे कवचावर घालण्याआधी मानेखालच्या उशीवर घालावेत. आणि दोन केसमध्ये निवड अडली तर जी रोज उचलावीशी वाटेल ती घ्यावी. जड म्हणून घरी राहिलेल्या केसचा, आणि तिच्याविना साध्या पिशवीतून बाहेर पडलेल्या वाद्याचा, एकमेकांना काही उपयोग नसतो.